सही येत असताना

बाबारावांनी वही लिहिली ती कोणी वाचावी म्हणून नाही. पन्नाशी उलटल्यावर ते साक्षरतेच्या वर्गात अक्षरं गिरवायला बसले होते. आता गुडघे थकल्यावर, जे कोणापुढे बोलवत नव्हतं ते त्यांनी कागदावर उतरवलं. पण नात मोनालीनं वही कळंबच्या आपल्या सरांना दाखवली आणि सरांनी पुस्तक छापायचं ठरवलं.

"आबा, हे पान काहून फाडून राह्यले?"

"ते माह्यासाठी लिवलं होतं. लोकायसाठी नाई."

"मंग लिवलं कायले?" मोनालीनं वही ओढून घेतली. पान अर्धं फाटलेलं राहिलं.

त्या पानावर राजदीप होता, समोरच्या जयाचा नवरा. बोंडअळीच्या वर्षी मालकानं त्याला तोंडाला फडकंही न देता कपाशीवर फवारायला लावलं. संध्याकाळी दिसेनासं झालं, पहाटे जीव गेला. पंचनाम्यात लिहिलं, दारूच्या नशेत औषध प्यायला. बाजाराच्या दिवशी तो थोडी घ्यायचा. गावानं खरं मानलं, जयानंही. बाबाराव त्याच मालकाकडे वर्षाच्या बोलीवर राबणारे सालदार आणि त्या पंचनाम्याचे पंच. कागद त्यांनी अक्षर लावत पुरता वाचला, आणि सही येत असताना अंगठा पुढे केला. उद्या कोणी विचारलंच तर म्हणता यावं, मी अडाणी, मले काय समजते!

कोणी विचारलंच नाही.

दुपारी ते वही घेऊन जयाकडे गेले. ती तूर निवडत होती.

"या लेखक! माह्या दारुड्याले घेतलं का पुस्तकात?"

"घेतलं," म्हणत त्यांनी पान वाचलं. दोनदा अडखळले. जयाचा हात सुपातच थांबला.

"साक्षरतेच्या वर्गात एका पाटीवर शिकलो आपण, मोठे भाऊ. तुमची सही माह्याहून चांगली होती."

"व्हय."

"म्या त्याचा फोटो बी लावला नाई भिंतीले. संदुकात हाय."

बाबारावांनी अर्धं फाटलेलं पान सरळ केलं. मग म्हणाले, "छापू का?"

"छापा नाई तं जाळा. पहिले माह्या पोरीले वाचून दाखवा. शाळेत दारुड्याची पोर म्हनत तिले. येईलच आता शिवणक्लासातून."

बाबाराव उंबऱ्यावर बसले. बाहेर सायकल लावल्याचा आवाज आला, तसा त्यांनी डावा अंगठा मुठीत दाबला आणि पान पुन्हा पहिल्या ओळीपासून समोर धरलं.