बाल्कनी वरून फोडू नये

मी एक जुना नकाशा आहे, जयलक्ष्मीपुरममधल्या एका दुमजली घराचा. आणि मित्रांनो, आज मी फार रागात आहे. कागदानं रागवावं का, हे मला ठाऊक नाही. कदाचित माझंच चुकत असेल. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तीस वर्षांपूर्वी व्यासराज नावाच्या इंजिनियरांनी मला आखलं. एका दुकानातल्या यंत्रातून मी निळ्या रेघा अंगावर घेऊन बाहेर आलो. अमोनियाचा वास असा की गुंडाळणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी काही देखणा नकाशा नाही. खोल्या, दारं, तुळशीचा कट्टा दाखवणारा वेगळा. त्याला सगळे हौसेनं बघत. माझ्यात नुसत्या सळ्या. कुठे किती, कुठे वर, कुठे खाली.

काँक्रीट ओतायच्या दिवशी मेस्त्रीनं मला वाळूवर पसरून चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या. बाल्कनीच्या सळ्या गड्यांच्या पायांखाली दबून खाली गेल्या होत्या. व्यासराजांनी काम थांबवलं, एकेक सळी वर उचलायला लावली आणि खिशातलं लाल पेन काढून माझ्यावर लिहिलं : "बाल्कनी भिंतीबाहेर लटकते. हिच्या सळ्या वरच्या अंगाला आहेत. वरून फोडू नये."

हात समोर ताठ करून बादली धरून पाहा. ताण खांद्याच्या वरच्या बाजूला येतो. बाल्कनीचंही तसंच. घरमालक तिरुमलराव तेव्हा म्हणाले होते, "घर उभं आहे ते या कागदावर." ते माझं पहिलं आणि शेवटचं कौतुक. मग मला पत्र्याच्या नळीत घालून माडीवरच्या कपाटावर ठेवलं. पुढे बाल्कनीला काचा लावून तिची खोली केली, तेव्हा मला कुणी विचारलं नाही. मीही मनात म्हटलं, काचाच तर आहेत.

यंदा तिरुमलरावांच्या मुलानं, संकर्षणनं, माशांची टाकी ठरवली. लहानसहान नव्हे. आठ फूट लांब, अडीच फूट रुंद, अडीच फूट उंच. वास्तुवाल्यांनी सांगितलं, पाणी ईशान्येलाच हवं. घराची ईशान्य म्हणजे नेमकी ती बाल्कनी. खाली हॉलमध्ये जमिनीवर ठेवली असती तर मासे काय उलटे पोहले असते?

आणि बाल्कनीच्या खाली काय होतं, ते ऐका. खाली पोर्च. तिथं संकर्षणची आई, नागरत्नाबाई, रोज संध्याकाळी गल्लीतल्या अकरा मुलांची शिकवणी घेतात. सतरंजीवर, बरोबर त्या टाकीच्या खाली.

तिरुमलरावांना माझी आठवण झाली खरी. त्यांनी मला नळीतून काढून जेवणाच्या टेबलावर पसरलं.

"संकर्षणा, हे एकदा बघतोस का? व्यासराजांनी इथं काहीतरी लिहिलंय."

"अय्यो अप्पा, हे कुठलं पुराण काढलंत? भुवननं चाळीस घरं केलीत."

भुवन म्हणजे कंत्राटदार. तो हसला. "एनू आगल्ला सार." काही होत नाही, असं त्याचं म्हणणं. "पाणीच आहे की. दगड थोडाच ठेवतोय?"

"तसं नव्हे, पण लाल शाईत..."

"अप्पा, तुम्ही जन्मभर लायब्ररीत होतात. इंजिनियर कधी झालात?"

"खरंय बाबा. मला काय कळतंय त्यातलं," तिरुमलराव म्हणाले, आणि त्यांनी मला गुंडाळलं.

मित्रांनो, माझा सगळ्यात जास्त राग या गुंडाळण्यावर आहे. भुवनला ठाऊक नव्हतं, संकर्षणला ऐकायचं नव्हतं. पण या माणसानं वाचलं होतं! वाचलं, समजलं आणि वर माफी मागितल्यासारखा हसला. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

दुसऱ्या दिवशी टाकीचं पाणी काढायचा पाइप न्हाणीघरापर्यंत न्यायला म्हणून भुवनच्या माणसांनी भिंतीलगत बाल्कनीची फरशी फोडली. वरून. मशीनला सळ्या लागल्या.

"दोनच आहेत, सार. कापून टाकतो." भुवन म्हणाला, आणि कापल्या.

गुरुवारी पाणी सोडलं. निम्मी टाकी भरली तेव्हा बाल्कनी किंचित झुकली आणि तिची सरकती काच अडकली. मग फरशीत, भिंतीलगत, केसाएवढी रेघ उमटली. खाली पाढे चालले होते, ते मला ऐकू येत होते. एकाएकी पाढे थांबले आणि जिन्यावर पावलं वाजली. नागरत्नाबाई हातात एक वही घेऊन वर आल्या. वहीवर सिमेंटचा चुरा पडला होता.

"हे वरून पडलं. काय चाललंय?"

"जुना रंग असेल, अम्मा. सुम्ने, उगाच घाबरू नकोस."

"मुलांना मी गेटबाहेर उभं केलंय. आता सांग."

तेव्हा तिरुमलराव, मान खाली घालून, मला घेऊन पुढे आले. बाईंनी मला उलगडून मुलाच्या हातात दिलं.

"लाल अक्षरं वाच."

"अम्मा, मी काय लहान आहे?"

"मोठ्यानं वाच. भुवनलाही ऐकू दे."

त्यानं वाचलं. अगदी शेवटच्या तीन शब्दांपर्यंत. भुवन कापलेल्या सळ्यांच्या जागेकडे बघत राहिला, मग बाल्कनीत पाऊल न टाकता न्हाणीघरातला व्हॉल्व्ह उघडायला धावला. पाणी जाता जाता तासभर लागला.

आता बाल्कनीखाली लोखंडी टेकू आहेत. पुढच्या आठवड्यात ती पाडणार आहेत. व्यासराजांनी एकेक सळी उचलून घेतलेली बाल्कनी! तिनं काय गुन्हा केला होता?

शिकवणी आता मागच्या अंगणात भरते. काल नागरत्नाबाईंनी मुलांना एक गणित घातलं. आठ फूट, अडीच फूट, अडीच फूट. एका घनफुटात अठ्ठावीस लिटर पाणी, एका लिटरचं वजन एक किलो. किती किलो? चार मिनिटांत सगळ्यांच्या पाट्यांवर उत्तर आलं : चौदाशे. काच, वाळू, दगड निराळे. म्हणजे पंचवीस-तीस मोठी माणसं आठ फुटांत दाटीनं उभी, कधीही न हलणारी.

"टीचर, काकांना हे गणित येत नव्हतं?" एका मुलीनं विचारलं.

संकर्षण दारातच होता.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी भिंत पाडायला, फरशी फोडायला, जड काही ठेवायला निघालं, तर आधी घराचा नकाशा मागा आणि तो समजणाऱ्या माणसाला बोलवा. मोठी माणसं हसतील. म्हणतील, तुला काय कळतंय. हसू द्या. तुम्ही वाचलं असेल, तर गुंडाळू नका.