पायवाटेचा आवाज

मंडळावर तिला सगळे आत्याबाई म्हणत. ‘पायवाट’ नावाची एक ऑपरेटिंग सिस्टीम होती. ती फुकट मिळायची, कुणीही उघडून बघावी, सुधारावी, पुढच्याला द्यावी. ती वापरणारे लोक वेबसाइटवर जमून एकमेकांच्या अडचणी सोडवायचे, ते हे मंडळ. कुणाचा प्रिंटर रुसला, कुणाचा स्क्रीन काळाठिक्कर पडला, की आत्याबाई हजर. उत्तर बिनचूक द्यायची, पण आधी दोन शब्द सुनावल्याशिवाय नाही. “जुनी उत्तरं शोधलीत का? की सगळं ताटात वाढून हवंय?” आणि कुणी दुसरीकडचं काही उचलून पायवाटेत घालायला निघाला, तर मग त्याची धडगत नसायची. “परवाना वाचलात का? फुकट आहे म्हणजे बेवारशी आहे असं नाही. आधी वाचा, मग हात लावा.” लोक कान पकडायचे, हसायचे आणि वाचायचे.

दिवसा ती एका मोठ्या हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळायची. त्याच हॉस्पिटलात तळमजल्यावर, चौकशीच्या काचेमागे तिचा धाकटा भाऊ बसायचा. त्याला दिसत नव्हतं. कुठला डॉक्टर कुठल्या मजल्यावर, कुठल्या वॉर्डाची भेटीची वेळ कोणती, हे तो हेडफोनमधून ऐकून सांगायचा, आणि रडवेल्या नातेवाइकांशी असा बोलायचा की लोक पत्ता विचारायला येत आणि धीर घेऊन जात. ही खुर्ची त्याला कुणी दयेनं दिलेली नव्हती. मुलाखतीत त्यानं चार डोळसांना मागं टाकलं होतं.

त्याला स्क्रीन वाचून दाखवणारा पायवाटेचा ‘बोलका भाग’ आत्याबाईनंच लिहिलेला. आधीचा आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा यायचा, दोन तासांत भावाचं डोकं दुखायचं. मग तिनं घरातलं कपड्यांचं कपाट मोकळं केलं, आत रजया टांगल्या, आणि स्वतः आत बसून हजारो तुटक शब्द आणि अक्षरं रेकॉर्ड केली. त्या तुकड्यांतून मशीनला वाटेल ते वाक्य जुळवता यायचं. कपाटात ती घामानं निथळायची आणि बाहेरून भाऊ ओरडायचा, “ताई, ‘ळ’ पुन्हा म्हण, भांडल्यासारखा आलाय.” तो चौकशीवर रुजू झाला तेव्हा सगळ्यांना सांगत सुटला, “लहानपणापासून हिचं ऐकतोय. आता निदान पगार घेऊन ऐकतो!”

आता जे झालं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. पायवाटेत काही नवीन घातलं की एक तपासनीस प्रोग्राम ते चाळायचा आणि परवान्याची, म्हणजे वापराच्या अटींची, फाइल नसेल तर अडवून धरायचा. रेकॉर्डिंगच्या फोल्डरला त्यानं अडवलं. प्रोग्रामचा परवाना त्याला लावणं तिला बरोबर वाटेना. आवाज म्हणजे काही प्रोग्राम नव्हे. शेजारच्याच फोल्डरमध्ये पायवाटेचं बोधचिन्ह होतं. तेही प्रोग्राम नव्हेच. तिनं बोधचिन्हाच्या परवान्याची फाइल उचलली, आवाजाच्या फोल्डरमध्ये टाकली, खाली आपलं नाव घातलं. तपासनीस गप्प झाला. जगाला परवाने वाचायला लावणाऱ्या बाईनं ती एक फाइल वाचली नाही. घाई होती. भावाचं डोकं दुखत होतं.

मग पायवाट सांभाळणारी संस्था एका कंपनीनं विकत घेतली. घोषणा मोठी गोड होती: समाजाशिवाय आम्ही कोणीच नाही, वगैरे. त्या घोषणेच्या पोटात एक ओळ होती. यापुढच्या आवृत्तीत बोलका भाग संस्थांना आणि कार्यालयांना पैसे मोजूनच मिळेल, आणि जुन्या आवृत्तीला सुरक्षा-दुरुस्त्या मिळणं बंद होईल.

मंडळ पेटलं. “पायवाटेवर टोलनाका!” असं कुणीतरी लिहिलं आणि ते सगळीकडे फिरलं. ज्यांनी आयुष्यात आत्याबाईच्या शिव्यांखेरीज काही खाल्लं नव्हतं तेही आता मुठी आवळून उभे राहिले. म्हणाले, जुनी आवृत्ती आपलीच आहे, घेऊन बाजूला होऊ, आपली वेगळी वाट काढू, आत्याबाई पुढं व्हा. ती पुढं झाली. हे लोक आपले आहेत यावर तिचा विश्वास होता, आणि असा विश्वास ठेवणं हा गुन्हा आहे असं तेव्हा तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

मंडळात एक वकील होता. हार्ड डिस्क मेल्यावर त्याच्या अख्ख्या कचेरीचे कागद आत्याबाईनं वाचवून दिले होते, तेव्हापासून तो तिला मानायचा. त्याचा फोन आला.

“आत्याबाई, प्रोग्राम सगळा नेता येईल. आवाज नेता येणार नाही.”

“का? आवाज माझा आहे.”

“होता. तुम्ही त्याला बोधचिन्हाचा परवाना लावलाय. बोधचिन्ह कुणी पळवू नये म्हणून सगळे हक्क संस्थेकडे ठेवलेत, आणि संस्था आता कंपनीची.”

“मग मी दुसरा रेकॉर्ड करते. कपाट आहे घरात.”

“त्यात असंही आहे, की ज्यानं ते संस्थेला दिलं, त्यानं त्याच्याशी साम्य असलेलं काहीही दुसऱ्या कुणाला देऊ नये. चिन्हासाठी लिहिलेलं वाक्य आहे ते. कोर्टात गेलात तर कदाचित जिंकालही. पण कंपनीशी वर्षानुवर्षं कोण लढणार?”

“म्हणजे मी माझ्यासारखं बोलायचं नाही?”

“बोला हो. रेकॉर्ड करून वाटू नका.”

तिनं फोन ठेवला आणि उघड्या कपाटासमोर बसून राहिली. रागानं तिचे कान तापले होते, आणि राग कुणावर काढावा तर समोर तीच होती.

चार दिवसांनी कंपनीचा समन्वयक हॉस्पिटलात येऊन तिला भेटला. माणूस नम्र, बोलणं लोण्यासारखं. कॅन्टीनमध्ये त्यानं स्वतः उठून तिच्यासाठी चहा आणला.

“आत्याबाई, मी तुमचीच उत्तरं वाचून शिकलो. खोटं नाही सांगत. तुमचे भाऊ इथं बसतात ना? त्यांच्या खुर्चीपुरता बोलक्या भागाचा परवाना आम्ही कायमचा मोफत देतो. लेखी देतो.”

“आणि मी काय द्यायचं?”

“काही नाही. वेगळी वाट काढायची भाषा तेवढी थांबवा. मंडळावर चार ओळी लिहा, की काळजीचं कारण नाही. तुमचं लोक ऐकतात.”

तिनं चहाला हात लावला नाही. “माझा आवाज नेलात तो नेलात. आता जीभही हवी?” म्हणून उठून गेली. जिन्यावरून जाताना तिची मान ताठ होती. मंडळावर तिनं सगळं लिहिलं. लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. कुणी लिहिलं, आत्याबाई विकाऊ नाही. ती ते पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

भावाला मात्र तिनं काहीच सांगितलं नाही. त्या दुपारी सांगणार होती, तर काचेपुढं रांग होती. मग घरी सांगू म्हणाली, तर त्याला सर्दी झालेली. मग वाटलं, वेगळी वाट तयार झाली की सांगायची गरजच उरणार नाही. आपल्या मनाला कसं फसवायचं हे हुशार माणसांना फार चांगलं जमतं.

वेगळी वाट काही झाली नाही. पहिल्या उत्साहात लोक कामं वाटून घ्यायला पुढं आले. मग एकाला कंपनीत नोकरी लागली. दुसरा म्हणाला, घरचं बघावं लागतं. तिसऱ्यानं नवीन आवृत्ती टाकलीसुद्धा आणि वर लिहिलं, “खरं सांगू का, ही चालते बरी.” तिनं नव्या आवाजासाठी रेकॉर्डिंग करायला माणसं मागितली, तर हृदयाची चिन्हं ढीगभर आली आणि माणूस एकही नाही. ज्यांच्या अडचणींसाठी तिनं सुट्ट्या घालवल्या होत्या, त्यांनी सगळ्यांनी हात वर केले. शेवटी मंडळावर तिच्या एका प्रश्नाखाली कंपनीच्या आपोआप उत्तर देणाऱ्या मदतनिसानं लिहिलं, “जुनी उत्तरं शोधलीत का?” वाक्य तिचंच. ती हसलीसुद्धा, पण तोंड कडू झालं ते झालंच.

इकडे हॉस्पिटलच्या अधीक्षकांनी फाइल पुढं सरकवली. जुनी आवृत्ती ठेवणं धोक्याचं, म्हणून सगळीकडे नवीन टाकायची. बोलक्या भागाचे पैसे एका खुर्चीसाठी कोण देणार? “तुमच्या भावाची सोय आम्ही चादरींच्या खोलीत करतो,” ते तिला म्हणाले. “घड्या घालायच्या. बसून काम आहे. तुम्हीच सांगा त्याला, तुमच्याकडून ऐकलेलं बरं.”

“सांगते,” ती म्हणाली. आणि नवीन आवृत्ती तिलाच टाकावी लागली, एकेका मजल्यावर, एकेका टेबलावर. चौकशीचं मशीन तिनं सगळ्यात शेवटी ठेवलं. भाऊ जेवायला गेला होता तेव्हा ते काम उरकलं. संध्याकाळी घरी नक्की सांगायचं, असं ठरवून ती तारा आवरत तिथंच थांबली.

तो आला, खुर्चीत बसला, हेडफोन चढवले. त्याची मान जराशी तिरकी झाली, नेहमी ऐकताना व्हायची तशी. मग त्यानं हेडफोन काढून वायर उपटली, आणि आवाज टेबलावरच्या स्पीकरमधून मोकळा घुमला. कपाटातल्या रजयांमध्ये बसून काढलेला, स्वच्छ, मायेचा, तिचाच आवाज.

“या ठिकाणी ही सेवा उपलब्ध नाही. आपल्या संस्थेकडे परवाना नाही. कृपया संपर्क साधा.”

वॉर्ड विचारायला आलेली काचेपलीकडची बाई गोंधळून मागं सरली. मशीननं तेच पुन्हा म्हटलं.

“हे कधीपासून माहीत होतं तुला?” भावानं विचारलं. तारांच्या आवाजावरून ती कुठं उभी आहे ते त्यानं ओळखलं होतं.

तिनं सगळं सांगितलं. फाइल, वकील, समन्वयक, लेखी देऊ केलेली खुर्ची, आपण न पिता उठलो तो चहा, चादरींची खोली, आणि अधीक्षकांचं ‘तुम्हीच सांगा त्याला’. मध्ये मध्ये मशीन तिच्याच आवाजात बोलत होतं, आणि तिला त्याच्याहून मोठ्यानं बोलावं लागत होतं.

“म्हणजे खुर्ची माझी होती,” तो म्हणाला, “आणि नाही तू म्हणालीस.”

“तू हो म्हणाला असतास?”

“ते आता कसं कळणार? मला कुणी विचारलंच नाही.”

तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं झटकला नाही, पण खांदा लाकडासारखा होता. तो उठला, टेबलाची कड चाचपत बाहेर आला, आणि काचेपलीकडच्या बाईला थांबल्याबद्दल सॉरी म्हणून, हवा असलेला वॉर्ड तोंडपाठ सांगून टाकला. स्पीकर पुन्हा बोलला. तो तिकडे मान वळवून ऐकत राहिला, वाक्य संपेपर्यंत.

“अधीक्षकांना सांग, तू सांगितलंस म्हणून,” तो म्हणाला. “खोटं नाही होणार. तुझ्याकडूनच ऐकलं मी.”