एकोणतिसाचा पाढा

"पट्टी आजही पार तळाला," डॉक्टर क्षिप्रा खुशीत म्हणाल्या. माझी लेक हेमांगी एमआरआयच्या नळीतून नुकतीच बाहेर आली होती.

नैराश्यावरचा हा प्रयोग. मेंदूत तोच तोच विचार घोळू लागला की नळीतल्या पडद्यावरची लाल पट्टी चढते. विचार ओळखायचा, सैल सोडायचा, म्हणजे ती उतरते.

हेमांगीचा विचार दोन वर्षांचा आहे. श्रीवर्धनला आमच्या वाडीत अंबाजी पाडेली सुपारी उतरवत होता. पाडेली झोका घेऊन एका पोफळीवरून दुसरीवर जातो, मध्ये खाली येत नाही. वारा उठला तसा तो म्हणाला, "ताई, आता पुरे." ही म्हणाली, "तेवढी शेवटची पोफळ उरका." शेंडा मोडला. अंबाजी आता काठी घेऊन चालतो आणि वाऱ्याला शिव्या देतो. ही मागच्या पडवीत बसून आपलं ते एकच वाक्य पुटपुटत असते.

पहिल्या सत्रात पट्टी उतरली नाही, म्हणून ती रडली. मी जन्मभर मास्तर. तपासणीला साहेब आले की अडलेल्या पोराला हळूच उत्तर सांगणारा. परतीच्या एसटीत तिला म्हणालो, "पट्टी चढली की मनात एकोणतिसाचा पाढा म्हण. दुसरं काही सुचणारच नाही."

पुढची दोन्ही सत्रं पट्टी तळाला.

"आता एकच सत्र," डॉक्टर म्हणाल्या. "मग घरी तुमचं तुम्ही. घरी फरक पडतोय ना?"

हेमांगीने माझ्याकडे पाहिलं. "पडतोय."

सकाळी येताना एसटीत म्हसळ्यापर्यंत तिचे ओठ त्याच वाक्यावर हलत होते.

"बाई, ही कॉपी आहे," मी म्हणालो. "मी पुरवलेली." आणि पाढ्याचं सांगितलं.

"एकोणतिसाचा? मला सतराचा येत नाही." त्या हसल्या, मग हसू गेलं. "काका, पाढा संपला की विचार तिथेच उभा असतो. त्याला सोडायचं कसं, ते राहूनच गेलं. ही दोन सत्रं धरता येणार नाहीत."

"पास झाले होते मी," हेमांगी जिन्यात म्हणाली. "कशाला सांगितलंत, दादा?"

आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही.

शेवटच्या सत्रात मी काचेबाहेर बसलो होतो. पट्टी बराच वेळ वरच. शेवटाकडे एकदा बोटभर उतरली.

"काय केलंस?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"काही नाही. अंबाजी वर होता. मी तेच वाक्य बोलले, नेहमीसारखं. पट्टी चढली, चढू दिली." ती चपला शोधत होती. "मग पुन्हा बोलायच्या आधी जरा वेळ गेला."

"किती?"

"मोजला नाही."

परतीच्या एसटीत माणगाव सुटलं आणि तिचे ओठ हलू लागले. पाढा माझ्या जिभेवर आला होता. मी गप्प बसलो. ओठ मध्येच थांबले, पुन्हा हलले.