मामाच्या पोत्यातले वाटाणे

"अगं, हे काय कुजवत ठेवलंयस खिडकीत?"

आईने बशी उचलली आणि नाक मुरडून हातभर लांब धरली. बशीत ओला फडका, फडक्यात वाटाणे. टम्म फुगलेले, पण वरून बुळबुळीत. एक दाबून पाहिला तर आतून पिठूळ पाणी निघालं. वास तर असा, की गोठ्यातली गायही तोंड फिरवेल.

"तो माझा अभ्यास आहे," मुंगी म्हणाली.

पोरीला सगळे मुंगीच म्हणत. अंगाने बारीक, आणि एकदा कामाला लागली की ते पुरं झाल्याशिवाय मान वर न करणारी. यंदा ती दुसरीत गेली होती, पण दुसरीचा वर्ग तिने अजून आतून पाहिला नव्हता. साथ आली, शाळेला कुलूप लागलं आणि बाई फोनवरून शिकवायला लागल्या. रोज सकाळी त्या सगळ्या घरांना एकाच कॉलवर जोडून घेत. शिकायचं मुलांनी, पण फोनभोवती बसायचं अख्खं घर. कुणाचे आजोबा मधूनच पाढा दुरुस्त करत, कुणाचं तान्हं भोकाड पसरे. एकदा एक नवरा-बायको इतके हातघाईवर आले की बाई म्हणाल्या, "भांडण रंगात आलंय, पण आवाज बंद करून भांडा. इकडे वजाबाकी चालू आहे."

ह्या वेळचा अभ्यास साधा होता. घरातलं कुठलंही बी घ्यायचं, ओल्या फडक्यात ठेवायचं, फडका वाळू द्यायचा नाही, आणि काय काय दिसतं ते बाईंना सांगायचं. कुणी मूग घेतले, कुणी गहू. मुंगीच्या घरी पेरणीसाठी मामाने दिलेलं वाटाण्याचं पोतं येऊन पडलं होतं. तिने त्यातले मूठभर घेतले.

"बाकीच्यांना मोड आले?" आईने विचारलं.

"सगळ्यांना. माझेच नाही आले. बाई म्हणाल्या, तू पाणी घालायला विसरलीस."

"मग विसरली असशील."

"नाही विसरले."

"मग बदाबदा ओतलं असशील. तुझा हात म्हणजे उघडा नळ."

"नाही ओतलं. बोट लावून बघायचे आणि मगच शिंपडायचे."

आईने बशी खाली ठेवली. मुंगी खोटं बोलत नसे. चांगुलपणा होताच, पण खोटं बोलायला जी थोडी कल्पना लागते, तीही पोरीकडे नव्हती.

नवरा रानात गेल्यावर आई कोठीच्या खोलीत शिरली. पोत्याचं तोंड सोडून तिने कोपरापर्यंत हात घातला आणि तळातले दाणे वर काढले. दिसायला काही खोट नव्हती. गोल, कोरडे, हातातून खळखळ ओघळणारे. तिने ते वेगळ्या वाटीत भिजवले आणि वाटी चुलीच्या उबेला, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशी ठेवली.

मेलेला वाटाणाही पाणी पितो. जिवंताइतकाच पितो, तितकाच फुगतो. पहिल्या दिवशी दोघांत फरक कळत नाही. दुसऱ्या दिवशी जिवंताची साल फाटते आणि पांढरा कोंब डोकं बाहेर काढतो. मेलेला नुसता पाणी गढूळ करतो. आईच्या वाटीतलं पाणी गढूळ झालं, आणि मग तोच वास आला.

पोतं तिच्या धाकट्या भावाचं होतं. पलीकडच्या वस्तीवर, सडकेला त्याचं बियाण्याचं दुकान. त्यांची आई लवकर वारली तेव्हा हिनेच त्याला कडेवर वाढवला. यंदा तो स्वतः पोतं घेऊन दारात आला होता. "भावोजी, बी कुठे शोधत फिरू नका. माझं दुकान काय परक्याचं आहे? पिकल्यावर द्या." तेव्हापासून नवरा चारचौघांत मेहुण्याचं कौतुक करी, आणि ते ऐकून हिला मूठभर मांस चढे.

"त्यालाच कुणीतरी फसवलं असणार," असं मनाशी म्हणत तिने भावाला फोन लावला.

भाऊ हसला. "ताई, पोरांच्या खेळावरून माझं बी नापास करतेस होय? बशीत उगवणं वेगळं, मातीत उगवणं वेगळं. कोंब माती ओढून काढते."

"पण वास मारतोय रे."

"फडका घाणेरडा असेल. आणि हे बघ, भावोजींच्या कानावर घालू नकोस. ते उगाच डोक्यात राख घालतील आणि तुलाच त्रास होईल."

जे ऐकायचं असतं तेच ऐकायला मिळालं की माणूस पुढचं विचारत नाही. तिनेही विचारलं नाही.

पण बाईंचा निरोप आला. सगळ्यांनी मोडांचे फोटो पाठवायचे. मुंगी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली. रडताना तिचा आवाज येत नसे, नुसती पाठ हलत राही. ती पाठ पाहून आई उठली, आणि खालच्या रानवाल्या कुरकुऱ्याच्या घरी गेली. त्या म्हाताऱ्याला सगळे कुरकुऱ्याच म्हणत. ऊन पडलं तरी कुरकुर, ढग आले तरी कुरकुर. त्याच्या सुनेने नातवंडाच्या ह्याच अभ्यासाकरता भिजवलेल्या वाटाण्यांतले मोड आलेले मूठभर तिने मागून आणले आणि मुंगीच्या बशीत पसरले.

"हे माझे नाहीत," मुंगी म्हणाली.

"आजचा दिवस तुझेच."

"मग हे खोटं झालं."

"झाकली मूठ सव्वा लाखाची. बशी सरळ धर."

फोटो गेला. बाईंनी शाबासकी दिली. ती शाबासकी मुंगीने दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखी, अंग चोरून घेतली. नवऱ्याला मात्र कोण आनंद! त्याने फोटो मेहुण्याला पाठवला, शेजाऱ्याला पाठवला. "ह्याला म्हणतात बी!" रानात वाफसा आला होता. माती मुठीत घट्ट बसावी आणि अंगठ्याने ढकलताच मोकळी व्हावी, अशी ओल. ही ओल म्हणजे घाईतली पाहुणी, थांब म्हटलं तरी थांबत नाही. "उद्या वर्ग झाला की पेरायला सुरुवात," नवऱ्याने जाहीर केलं.

संध्याकाळी दूधवाला आला. दूध मोजून घेता घेता म्हणाला, "वहिनी, तुमची मुंगी तर मोठी माणूस झाली की!"

"ते कसं काय?"

"अहो, तिची बशी अख्ख्या गावाच्या फोनवर फिरतेय. तुमच्या भावाने खाली लिहिलंय, माझ्या दुकानाचं बियाणं, घरच्या भाचीने तपासलेलं. मीही एक पोतं सांगून ठेवलंय. घरचंच माणूस हमी देतंय म्हटल्यावर काय बघायचं?"

आईने दुधाचं भांडं उंबऱ्यावर ठेवलं. "ते पोतं घेऊ नका," असं ओठांपर्यंत आलं. दूधवाला तोवर घंटी वाजवत पुढच्या दारी गेला.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. नवरा अंघोळ करून, केस विंचरून फोनसमोर मांडी घालून बसला होता, जणू बक्षीस त्यालाच मिळणार होतं.

"मुंगीला उशीर झाला, पण मोड किती सुरेख आले," बाई म्हणाल्या. "मुंगी, आधी काय चुकत होतं आणि मग काय केलंस, सगळ्यांना सांग बघू."

मुंगीने फोनकडे पाहिलं, मग आईकडे. त्या नजरेत तक्रार नव्हती. काय बोलायचं ते सांग, मी बोलते, एवढंच होतं. तेच आईला सोसवेना. आज ही पोर तिच्या सांगण्यावरून खोटं बोलेल, आणि घटकाभरात नवरा रानात मेलेलं बी पुरेल.

तिने फोन ओढून घेतला.

"बाई, ते मोड आमचे नाहीत. मी शेजारून आणले. मुंगीने सगळं नीट केलं होतं. बीच मेलेलं आहे. मी स्वतः भिजवून पाहिलं."

नवऱ्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"कुठून आणलं होतं बी?" बाईंनी जपून विचारलं.

"माझ्या भावाकडून."

भावाची धाकटी लेक ह्याच वर्गात होती, त्यामुळे तोही तिकडे ऐकत होता. त्याचा आवाज आला, "ताई, वर्ग चालू आहे, इथे कसला तमाशा? आमच्या पोरीनेही दुकानातलेच वाटाणे भिजवलेत. बाई, तुम्हीच सांगा, कसे आलेत?"

"तिचे तर पहिल्यापासून छान आलेत," बाई म्हणाल्या.

"माझे येणारच!" ही त्याची लेक. घरात तिला टकळी म्हणत, कारण तिचं तोंड झोपेतही मिटत नसे. "आत्याला दिलं ना, मी तसल्याच दुसऱ्या पोत्यातले घेत होते. तर बाबा म्हणाले, त्यातले नको घेऊ, तुझा अभ्यास चुकेल. मग त्यांनी मला चांगल्या पोत्यातले दिले. हो ना, बाबा?"

त्या घराचा फोन बंद झाला.

मग कुरकुऱ्याने आपल्या घरच्या फोनवर घसा खाकरला. "कुंपणच शेत खायला लागलं, तर राखण कुणाकुणापासून करायची?"

"आजचा वर्ग इथेच थांबवू," बाई म्हणाल्या. "आणि मुंगी, पाणी घालायला विसरलीस असं मी म्हणाले होते. ते माझं चुकलं."

नवरा उठला, टोपली उचलून रानाकडे गेला. दार आपटलं असतं तर आईला बरं वाटलं असतं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा भाऊ आला. तोंडाला फडकं बांधून फाटकाबाहेरच उभा राहिला. एरवी तो थेट चुलीपाशी येऊन भांड्यांवरची झाकणं उघडून बघे.

"पोतं दे ताई, बदलून देतो. घरातली गोष्ट घरात मिटली असती. मला एकट्याला सांगायचं ना!"

"सांगितलं होतं. तू हसलास."

तो चपलेने माती उकरत राहिला. "गोदामाचं छत गळलं. माल भिजला, मग उन्हात तापला. फेकून द्यायचा का? सगळंच मरत नाही गं, थोडंफार उगवतंच. तुमची माती चांगली. वाटलं, निभेल."

"आणि दूधवाल्याचं?"

"ते तुझा फोटो आल्यावर. खरं सांगतो, फोटो बघून मलाच वाटलं, निघालं की चांगलं!"

तेवढा वाटा तिचा होताच. तिने तो मनात बाजूला काढून ठेवला आणि उरलेलं विचारलं.

"पहिलं पोतं मलाच का रे? सडकेवरून इतकी गिऱ्हाइकं जातात."

"परका दारात येऊन बोंबलतो," भाऊ म्हणाला. हे बोलताना त्याला आपण काही वाईट बोलतोय असं वाटत नव्हतं, हेच फार वाईट होतं. "तू थोडीच बोंबलणार होतीस? तू ताई आहेस."

आईने फाटकाची कडी आतून लावली. "लहानपणी तू पडलास की मी जमिनीला चापट मारायचे, माझ्या बाळाला लागलं म्हणून. जमिनीचा काय दोष होता रे?"

"ताई..."

"पोतं इथेच राहील. ज्याला बघायचं त्याने येऊन दाणे भिजवून बघावेत. तू जा."

तो फाटकाशी थोडा घुटमळला. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण आवाज विरेपर्यंत हातातलं कामही केलं नाही.

दुपार कलताना कुरकुऱ्या आपणहून आला. पाठीवर अर्धं भरलेलं पोतं, तोंडी तक्रार. "घरचं राखलेलं बी आहे. पुरणार नाही. तुमचं वरचं रान वाळलंच म्हणा, खालची पट्टी तेवढी साधेल. तीही एकेक दाणा टोकून पेरा, फेकाफेक करू नका. आणि पिकलं की परत द्या, मी काही कुणाचा मामा नाही."

खालच्या पट्टीत नवरा काठीने भोक पाडत पुढे, आई दाणा टाकत मागे, आणि तिच्या मागे मुंगी पायाने माती लोटत. वरचं रान शेजारीच पांढुरकं पडत चाललं होतं. ते यंदा पडीक राहणार हे दोघांनाही दिसत होतं. नवरा सकाळपासून अक्षर बोलला नव्हता. आई प्रत्येक भोकापाशी टोमण्याची वाट पाहत होती, आणि तो येत नव्हता. दात आपले, ओठ आपले, आता कुणाला बोल लावायचा, हे तिचं तिला कळत होतं. पण नवऱ्याच्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं.

शेवटी ती कंबर सरळ करत उभी राहिली. "अहो, बोला एकदाचं काय ते."

नवऱ्याने काठी रोवली. "माझ्या भावाने असं केलं असतं, तर तू बोलली असतीस?"

तिने खरं तेच सांगितलं. "वर्षभर बोलले असते."

"मग मीही वर्षभर बोलेन," तो म्हणाला. "आज ओल जातेय. दाणा टाक."

तिने वाकून दाणा टाकला.