बोरू मिस्त्रीचा बिल्ला

हौसराव आबांचा एक नेम अख्ख्या निमोणे गावाला ठाऊक होता. मारुतीच्या देवळात दुपारची पोथी वाचताना कुणी मेल्याच्या ओवीवर ते कधी थांबायचे नाहीत. चहा निवून जावो, ऐकणाऱ्या बाया डुलक्या घेवोत. पुढं कुणाचं लग्न लागेपर्यंत, कुणाला लेकरू होईपर्यंत, निदान एखादी नाव काठाला लागेपर्यंत आबा वाचत राहायचे आणि मगच पोथीला रुमाल बांधायचे. पोथी संपलीच, तर त्याच बैठकीत पहिल्या अध्यायाच्या चार ओव्या परत म्हणायचे. देवाच्या गोष्टीला शेवटचं पान नसतं, असं त्यांचं म्हणणं.

सून सविता सोळा वर्षं हे ऐकत आली होती. म्हणूनच दौंडच्या भाड्याच्या खोलीत त्या संध्याकाळी तिच्या तोंडून ते निघून गेलं.

नवरा सत्यजीत आणि लेक प्रगती, दोघं फोन तांब्याला टेकवून ‘दूरयात्री’ बघत होते. अंतराळातल्या यानाची कार्टून मालिका. बापलेकींनी ती पुरवून पुरवून पाहिली होती. शेवटच्या भागात यानाचा म्हातारा बोरू मिस्त्री बाकीच्यांना लहान होडीत बसवून देतो आणि पेटलेल्या इंजिनखोलीत शिरून आतून दार लावून घेतो. मग धूर, अंधार, आणि नावं वर सरकू लागली.

“इथंच बंद करताय व्हय?” भाकरी थापता थापता सविता म्हणाली. “पुढचं बघा की जरा.”

“पुढचं वरसानं येणार. आन् ही काय आबांची पोथी हाय का?” सत्यजीत हसला. “मेला न्हाई गं तो. हे बघ.”

त्यानं भाग मागं नेऊन चित्र थांबवलं. दार लागल्यानंतरचं चित्र. धुरामागं भिंतीवर एक फळा दिसत होता. सत्यजीत कुरकुंभला कारखान्यात ऑपरेटर होता. तिथं टाकीत उतरणारा माणूस आपल्या नावाचा बिल्ला ‘आत’च्या खिळ्याला अडकवतो आणि वर आला की स्वतःच्या हातानं ‘बाहेर’च्या खिळ्याला. यानातला फळा तसाच होता, आणि मिस्त्रीचा बिल्ला बाहेरच्या बाजूला लटकत होता.

“आपला बिल्ला दुसरं कुणी हलवत न्हाई. मागनं दुसरं दार असणार तिथं.”

हेच त्यानं मालिकेच्या चाहत्यांच्या ग्रुपवर लिहिलं, जेवला आणि झोपला. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी करून कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसला. दौंडला सगळे उतरले, तो उतरला नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

त्याला दोन महिने झाले. सविता लेकीला घेऊन निमोण्याला आली. ती रडेल म्हणून बायका वाट बघून थकल्या. ती स्वयंपाक करायची, विचारलं त्याला ‘व्हय’ म्हणायची, पण कालवणात मीठ पडलंय की नाही हे तिला कळायचं नाही. डोक्यात एकच गोष्ट बसलेली: आपण तिथंच बंद करू दिलं. कार्टून ते, पोथी थोडीच होती, हेही तिला कळत होतं. तरी ती गोष्ट हलत नव्हती, आणि सांगावी तर लोक हसतील. आबांनीही तेव्हापासून पोथीचा रुमाल सोडला नव्हता.

त्या दिवशी दुपारी सविता ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत होती. प्रगतीचा फोन शेजारी वाजला. वर नाव दिसलं, सत्यजीत, आणि खाली कुणाचा तरी निरोप: ‘सत्यजीतदादा, तुम्ही एकटेच राहिलात. माना आता.’

सवितानं जुडी खाली ठेवली. “हे काय गं?”

प्रगतीचा चेहरा उतरला. “पप्पांच्या नावानं मीच लिहिते. पप्पा गेल्याचं ग्रुपवर कुणाला म्हाईत न्हाई अजून.”

“काय लिहितीस?”

“पप्पा म्हणायचे तेच. बिल्ल्याचं. कुणी म्हणतं मिस्त्री जळाला. कुणी म्हणतं तो बर्फाच्या पेटीत झोपलाय, शंभर वरसांनी उठंल. आज पाच वाजेपर्यंत मतं घेणारेत, मेला का जिवंत. मग तो विषय बंद.”

खाटेवर पडलेले आबा उठून बसले.

“कोण मिस्त्री? आपल्यातला हाय का?”

“न्हाई ओ आबा. आभाळातला.”

“मग सांग की नीट, पयल्यापासनं. बसून नगं. आख्यान कुणी बसून सांगतं व्हय? उभी ऱ्हा.”

प्रगती ओशाळत उभी राहिली आणि सांगू लागली. आबांच्या बोटांनी कीर्तनात धरतात तसा मांडीवर ठेका धरला, मधूनच ते ‘बरं’ म्हणाले. दार लागलं, धूर झाला, तिथं प्रगती थांबली.

“मग पुढं?”

“पुढं न्हाई. वरसानं येणार.”

आबांचा ठेका थांबला. सविताला वाटलं, आता ते बोलतील आणि आपलं पाप उघडं पडेल. म्हणून तीच बोलली.

“आबा, आम्ही तिथंच बंद केलं हुतं. आदल्या दिशी. मी म्हणलं हुतं त्यांना, पण हट्ट न्हाई धरला.”

गोठ्यात म्हैस पाणी पीत होती, त्याचा आवाज येत राहिला.

“सविता,” आबा म्हणाले, “त्यानं माणूस मारून बंद केलंच न्हाई. जित्ता हाय म्हणला, मग निजला. तू तरी ऐकलंस, मी ते बी न्हाई.” त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. “आन् पुढची पानं नसली की मी काय करतो?”

सवितानं हात पदराला पुसले आणि फोन घेतला. प्रगतीला म्हणाली, “मी सांगते तसं लिही. सत्यजीत दोन महिन्यांमागं वारले. मी त्यांची मंडळी. एवढे दिवस लेक लिहीत हुती, तिला बोलू नका. बिल्ला ज्याचा त्यानंच हलवायचा असतो, हे त्यांचं म्हणणं. माझं बी तेच.”

प्रगतीनं लिहिलं. मग सवितानं स्वतःच्या बोटानं ‘जिवंत’वर दाबलं. बोटाला मेथीचा ओला हिरवा वास होता. दोन महिन्यांत तिला आलेला तो पहिला वास.

फोन वाजू लागला, एकामागून एक. तिनं ते निरोप वाचले नाहीत.

“पयला भाग लाव,” ती म्हणाली.

प्रगतीनं फोन तांब्याला टेकवला. आबा खाट सरकवून जवळ आले. यानाचं दार उघडलं, आणि एक म्हातारा पिशवी सांभाळत आत आला. फळ्यापाशी थांबून त्यानं खिशातून बिल्ला काढला.

“ह्योच का?” आबांनी विचारलं.

“ह्योच,” सविता म्हणाली, आणि अर्धी राहिलेली जुडी तिनं परत हातात घेतली.