मास्तरांचा कच्चा टाका

तुम्हाला सांगतो, त्या दिवशी सकाळपासून माझा पाय घरात ठरत नव्हता. बायको म्हणाली, "अहो, जरा टेका कुठंतरी! एप्रन आणायला निघालात की स्वतःच्या लग्नाला?"

पण दम कसा धरवणार? आमच्या मुलीनं घरामागच्या खोलीत लेथ मशीन बसवलं होतं. लाकूड त्यात घट्ट धरायचं, बटण दाबायचं, ते गरागरा फिरायला लागलं की पटाशी टेकवायची. बघता बघता चौकोनी लाकूड गोल होतं! मी रोज दाराशी उभा राहून बघायचो आणि माझे हात नुसते शिवशिवायचे.

मी शिंपी. सगळे मला मास्तरच म्हणतात, बायकोसुद्धा, चिडली की. दुकान बंद केलं तेव्हा पाटी तेवढी घरी आणली. बायकोनं ती बैठकीच्या खोलीत लावू दिली नाही, म्हणून मुलीनं लेथच्या वर टांगली: 'आमची शिलाई उसवल्यास फुकट शिवून मिळेल.' आख्ख्या आयुष्यात ती पाटी दाखवत एक गिऱ्हाईक आलं नाही. एकही नाही!

दुकान गेलं आणि मी घरात नुसता लुडबुडायला लागलो. खरं सांगू? फार वाईट दिवस होते ते. ज्या हातांना कधी उसंत नव्हती ते मांडीवर पडून असायचे, आणि आपण आता कुणाच्या कामाचे नाही असं सारखं मनात यायचं. म्हणून बायकोच्या लाटण्याचं टोक तुटलं तेव्हा मी जाहीरच करून टाकलं, "नवीन लाटणं मी करणार! लेथवर! स्वतःच्या हातानं!"

मुलीनं अट घातली. "बाबा, अंगावर धड एप्रन नसेल तर लेथला हात लावायचा नाही. तुमचे ते घोळदार सदरे घालून तर मुळीच नाही. आणि एप्रन पास की नापास ते मी ठरवणार."

हिला आम्ही लाडानं चिमणी म्हणतो. ही चिमणी एकटी आख्खी फळी खांद्यावर टाकून नेते, आणि एकदा नाही म्हणाली की नाही.

तर गेलो दोघं हत्यारांच्या दुकानात. तिथं एप्रनांची रांगच टांगलेली. दुकानदारानं कातड्याचा एक काढून दिला, मी सवयीनं आधी उलटा केला. "ही काय टीप झाली? दोरे बघा कसे लोंबतायत!" दुसऱ्याला पुढं खिसेच खिसे. चिमणी म्हणाली, "सगळे भुशानं भरतील." तिसरा जीनचा, त्याचा मानेचा पट्टा टिचबटणांवर अडकवलेला. मी सहज ओढला, तर टचकन निघून हातात!

"अरे देवा! असला माल विकता?"

"काका, तो तसाच असतो," दुकानदार गोरामोरा झाला.

"बाबा, ऐका ना, तो मुद्दाम..."

"मुद्दाम कसलं? शुद्ध फसवणूक आहे ही! चल घरी. घरात मशीन असताना मी असला निसटता माल अंगावर घालू? मीच शिवतो!"

चिमणीनं कपाळावर हात मारला. "शिवा," म्हणाली.

आणि काय शिवला म्हणता! जाड जीनचं कापड. खिसे मागं, कमरेवर, म्हणजे भुसा जायला नको. नाड्या मागं बांधायच्या, पुढं काही लोंबायला नको. हे सगळं माझं मलाच सुचलं, बरं का! मानेच्या पट्ट्याला मेणाचा दोरा, दुहेरी टीप, वर चौकोन, चौकोनात फुली. बायको म्हणाली, "एप्रन शिवताय की हत्ती बांधायचाय?"

मी ऐटीत तो चिमणीपुढं धरला. तिनं मानेचा पट्टा दाराच्या कडीला अडकवला आणि सगळा जोर लावून ओढला. दार कुरकुरलं. पट्टा जागचा हलला नाही.

"बघितलंस!" मी म्हणालो.

"नापास."

"नापास? मी? माझी शिलाई?" माझं डोकंच फिरलं. काय काय बोललो आठवत नाही, पण बरंच बोललो.

ती वाद घालत बसली नाही. लांब काठीच्या टोकाला एक चिंधी बांधली, मला मागं उभं केलं, लेथ चालू केली आणि चिंधी फिरत्या लाकडाजवळ नेली. पापणी लवायच्या आत चिंधी गुंडाळली गेली, काठी तिच्या हातातून हिसकावली गेली आणि भिंतीवर जाऊन आपटली. तिनं मशीन बंद केलं.

"लाकडानं एप्रन असा धरला तर मानेचा पट्टा सुटायला हवा. नाहीतर तुम्ही आत ओढले जाल." चिमणी म्हणाली. "आणि तुमची शिलाई सुटणार नाही, बाबा. म्हणून तर मला भीती वाटते."

माझा राग सर्रकन उतरला. दुकानातली ती टिचबटणं डोळ्यांपुढं आली.

"म्हणजे त्या बिचाऱ्याला मी उगाच झापलं?"

"उगाच."

"मग तिथंच का नाही सांगितलंस?"

"सांगू दिलंत?"

मी कडीला अडकलेला एप्रन काढून घेतला.

"आपण टिचबटणं लावून टाकू," ती म्हणाली.

"हॅट! शिंप्याच्या घरात टिचबटणं? टाकाच घालतो. कच्चा."

बोलून बसलो, पण काम भलतंच निघालं. पक्कं शिवायला काय लागतं? एप्रनचं वजन पेलेल आणि हिसका बसला की सुटेल, असं शिवून दाखवा! डोळ्यांनी आता दगा दिलाय, म्हणून बायको सुईत दोरा ओवून द्यायला बसली. पहिला पट्टा मी शिंकलो तेव्हाच गळून पडला. बायको हसून हसून लाल झाली. दुसरा ओढून सुटेना. उसवला, पुन्हा बसलो. बारीक सुती दोरा घेतला, लांब लांब धावदोरा घातला, आणि शेवटी गाठ मारायची नाही असं ठरवलं. हात अडखळला हो. गाठ न मारता दोरा मी जन्मात सोडला नव्हता. पण मला तर आता मजाच यायला लागली होती!

एप्रन गळ्यात घालून, नाड्या मोकळ्याच ठेवून लेथपाशी गेलो. चांगलं नाचून दाखवलं, वाकून दाखवलं. पट्टा जागच्या जागी. मग चिमणीनं पुढून धरून एक हिसका दिला. सर्र! सगळा एप्रन तिच्या हातात.

"उसवला!" मी ओरडलो. "अगं, ऐकलंस का? उसवला, उसवला!"

बायको पीठभरल्या हातांनी धावत आली. तिला वाटलं माझं बोटच गेलं.

"पास," चिमणी म्हणाली. मग तिनं वर पाटीकडं बोट केलं आणि एप्रन माझ्यापुढं धरला. "मास्तर, तुमची शिलाई उसवली. फुकट शिवून द्या आता."

इतक्या वर्षांत हे पहिलं गिऱ्हाईक! मला हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणीही मावेना. सुई दिसेचना. बायकोनं हात पुसून दोरा ओवला, मी तिथंच स्टुलावर बसून टाका घातला आणि गाठ न मारता सोडला. चिमणीनं एप्रन माझ्या गळ्यात घातला, मागच्या नाड्या सैल बांधल्या, पट्टा एकदा चाचपला. मग माझा हात धरला आणि लेथच्या बटणावर नेऊन ठेवला.