पतंगांवर पीएच.डी.

शहागंजात युसूफभाईंच्या पतंगाच्या दुकानाला लागूनच माझं कापडाचं दुकान. त्यांच्या घरातली बातमी त्यांच्याआधी मला कळते, असं माझी बायको म्हणते. पण या खेपेला मीही तोंडघशी पडलो.

त्यांची लेक वहिदा एम.एस्सी. झाली. कशात, ते आम्ही कधी विचारलं नव्हतं; मार्क कळले की आमचं समाधान. मग एक दिवस ती बापाला म्हणाली, "अब्बा, मेरे कू पतंगों पे पीएच.डी. करनी है."

बाप हरखला. आजोबांपासूनचा धंदा विद्यापीठात पोचला, हे त्यांनी गिऱ्हाइकाला धरून धरून सांगितलं. पुढं गुलमंडीच्या बाजारापर्यंत बातमी पोचवायची जबाबदारी मी उचलली.

संक्रांतीच्या तोंडावर तिचे गाइड गव्हाणे सर तिला घेऊन युसूफभाईंच्या दुकानात आले; मीही तिथंच टेकलो होतो. वहिदाला संशोधनासाठी अरुणाचलच्या वर्षावनात पाठवायचं होतं, बापाची परवानगी हवी होती.

"जंगलात?" युसूफभाई म्हणाले. "झाडात अडकतील की सगळे!"

"झाडांमुळंच तर येतात. एका रात्रीत शेकडो पतंग."

"रात्री? आन् उडवतं कोण?"

"आपणच उडतात. पांढरा पडदा ताणून दिवा लावला की येऊन बसतात. नर जास्त, माद्या कमी."

युसूफभाईंनी हातातला पतंग उलटापालटा करून पाहिला. मला हसू आवरेना. शेवटी वहिदानंच उलगडा केला. दिव्यावर झेप घेतो तो पतंग, शायरीतला परवाना. कुठला पतंग कुठल्या झाडावर जगतो, जंगल तोडलं की त्यातले कोण संपतात, हा तिचा अभ्यास.

"किडे!" युसूफभाई मटकन बसले. "साऱ्या शहागंजाला सांगून बसलो मी. आता काय तोंड दाखवू? नाय जायचं."

वहिदाचा चेहरा पडला. या एका संधीसाठी पोरीनं जिवाचं रान केलं होतं. मला तिची दया आली, पण माझी जीभ कुठली गप्प बसतेय! "खरंय," मी म्हणालो. "पोर रात्रीची रानात दिवा लावून बसणार. लोक नावं ठेवतील."

"ठेवू द्या, बद्रीनाथकाका!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज चढला होता. "तिथल्या कितीतरी पतंगांना अजून नावच नाय. लोक इथं मला नावं ठेवतील, मी तिथं पतंगांना ठेवते."

"नावच नाय?" युसूफभाईंना ते भलतंच लागलं. त्यांच्या दुकानात चांददार, पट्टेदार, प्रत्येक पतंगाला नाव; त्याशिवाय गिऱ्हाईक मागणार काय? ते माझ्याकडं बघून खो खो हसले.

"जा बेटा," ते लेकीला म्हणाले. "सगळ्यांना नावं ठेवून ये. आन् एखादा निस्ता फडफडणारा, काय कामाचा नसलेला घावला, तर त्याला या बद्रीचं नाव दे."